सगळ्या रंगांची पट्टी

कात्रीमावशीच्या तंबूत पोरांना मज्जाव होता. तशी पाटी लावलेली नव्हती, पण मावशीचा आवाज असताना पाटी हवी कशाला! एखादं कार्टं नुसतं डोकावलं तरी आतून गर्जना व्हायची, "पाऊल टाकशील तर तंगडं मोडून हातात देईन!" तिचंही खरं होतं म्हणा. जमिनीवर टाचण्या, टेबलावर हातभर लांब कात्री, कोपऱ्यात तापलेली इस्त्री. आणि दोरीवर लटकलेले राजे-राण्यांचे, पऱ्यांचे, राक्षसांचे कपडे. त्यांना पोरांचे चिकट हात लागले की मावशीच्या डोक्याची शीर उडायची. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. "नाही तेच बरं, सुखानं जगतेय," असं ती कोणी न विचारताच सांगायची. आता न विचारता सांगितलेल्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर दरवर्षी काही दिवसांचा कलामेळा भरायचा. नाटकवाले, बँडवाले, बाहुल्यांचे खेळ करणारे, नाचणाऱ्या मुली, सुतार, आचारी, सगळे बिऱ्हाड घेऊन यायचे. आणि बिऱ्हाड म्हटलं की पोरं आलीच. मोठी माणसं कामात बुडालेली आणि पोरं मोकाट. म्हणून मेळ्याची एक जुनी रीत होती. पहिल्या दिवशी प्रत्येक पोराच्या मनगटाला त्याच्या तंबूच्या रंगाची कापडी पट्टी बांधायची. सुतारांची हिरवी, बँडवाल्यांची लाल, बाहुलीवाल्यांची पिवळी, आचाऱ्यांची पांढरी, नाचणाऱ्यांची निळी. पोर कुठे रडताना, झोपलेलं किंवा चिखलात लोळताना सापडलं की रंग बघायचा आणि त्या तंबूत नेऊन पोचवायचं. शेवटच्या दिवशी तंबूतलं मोठं माणूस पोराला घेऊन मावशीच्या दाराशी यायचं. मावशी बाहेर खुर्ची टाकून बसायची, कात्रीनं पट्टी कापायची आणि म्हणायची, "ज्याचं त्याला पोचलं." की मेळा संपला.

यंदा वायरमन पहिल्यांदाच पोरीला घेऊन आला. पाच वर्षांची, केस उभे, डोळे टपोरे, एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. बाप तिला ठिणगी म्हणायचा आणि ते नाव तिला अगदी शोभायचं. वायरमनची बायको वारली होती. पोरगी आत्याकडे वाढत होती, पण आत्याचं लग्न झालं आणि ती सासरी गेली. वायरमनला तंबू नव्हता. दिवसभर तो खांबांवर, आणि रात्री बाप-लेक तारांच्या भेंडोळ्यांशेजारी गाडीत झोपायचे.

"मग हिला कुठला रंग?" मॅनेजरनं विचारलं. हा मॅनेजर गळ्यात शिट्टी आणि हातात भोंगा घेऊन फिरायचा. समोर एकच माणूस असलं तरी बोलायचा भोंग्यातूनच.

"विजेच्या रंगाचं कापड कुठून आणू मी?" मावशी कातावली. "आणि तो भोंगा खाली ठेवा आधी, बहिरी नाही मी."

टेबलाखाली पट्ट्यांच्या उरलेल्या चिंध्या पडल्या होत्या. मावशीनं त्यातली एकेक उचलली, मशीनवर खडखडखड जोडली आणि हिरवी, लाल, पिवळी, पांढरी, निळी अशी एक लांबच लांब पट्टी ठिणगीच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधली. "घे. तू सगळ्यांची. कुठेही जा, फक्त माझ्या तंबूत पाय ठेवू नकोस."

"पण माझा तंबू कुठला?" ठिणगीनं विचारलं.

मावशीच्या तोंडात तोवर टाचण्या होत्या. "रंग बघायचे आणि तंबू ओळखायचा. सगळ्या पोरांना कळतं, तुलाही कळेल. पळ."

ठिणगी पळाली आणि सगळ्या मैदानाची लाडकी झाली. बाहुलीवाल्या काकू तिला न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या, आणि वेणी सुटली की पुन्हा घालायच्या. सुतारदादानं तिच्या मापाच्या बुटक्या काठ्या केल्या, त्यांवर चढून ती उंच माणसासारखी ऐटीत फिरायची. बँडवाल्यांच्या मुलीला सगळे पिपाणी म्हणत, कारण ती बोलायला लागली की थांबायची नाही. या पिपाणीनं तर तिला बहीणच मानलं. जेवण कधी इथे, कधी तिथे. वायरमन खांबावरून खाली बघायचा, कुठल्या तरी घोळक्यात उभे केस दिसायचे आणि तो निर्धास्तपणे पुढची तार ओढायचा.

रोज एकदा मात्र ती कात्रीमावशीच्या दाराशी यायची. उंबरठा म्हणून टाकलेल्या फळीला पायाची बोटं लावून उभी राहायची, आत बघायची, मग मनगटाकडे बघायची.

"काय बघतेस गं?"

"रंग."

"बघून झाले असतील तर नीघ."

ती मुकाट्यानं निघायची. एकदा मावशीनं रिकामं रीळ तिच्याकडे भिरकावलं, "हे घे आणि तोंड काळं कर." ते रीळ पोरीनं दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. मावशीनं ते पाहिलं आणि उगाचच मशीन जोरात चालवलं.

मोठ्या खेळाचा दिवस उजाडला. अशा दिवशी मैदानात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसतो. राजाचा झगा तंग झालेला म्हणून मावशी तंबूतून रंगमंचाकडे खेपा घालत असलेली, बँडचा ढोल फुटलेला, रंगमंचाची एक पायरी खचलेली, आणि मॅनेजर भोंग्यातून सगळ्यांना शांत राहायला सांगत सगळ्यांची डोकी फिरवत होता. त्यात जादूगाराची मंडळी आपला खेळ आटपून ट्रक भरून पुढच्या मुक्कामाला निघाली. निरोप द्यायला पोरं ट्रकमागे फाटकापर्यंत धावली.

दुपारी वायरमन खाली उतरला. ताट घेऊन रांगेत उभा राहिला आणि आचाऱ्याला सहज म्हणाला, "आमची ठिणगी जेवली का हो?"

"इथे नाही आली. काकूंकडे जेवली असेल."

काकू मागेच होत्या. "माझ्याकडे? अहो, आज तर मी तिची वेणीही नाही घातली. मला वाटलं, सुतारांकडे आहे."

"आमच्याकडे नाही," सुतारदादा म्हणाला. "मी म्हटलं, पिपाणीबरोबर असेल."

"माझ्याबरोबर?" पिपाणी म्हणाली. "मला वाटलं, ती इथे स्वयंपाकघरात आहे!"

फिरून गाडी आचाऱ्यापाशीच आली. लाल पट्टीचं पोर दिसेनासं झालं असतं तर बँडवाल्यांनी तासाभरात मैदान डोक्यावर घेतलं असतं. हिरव्याचं झालं असतं तर सुतारांनी. पण ठिणगी सगळ्यांची होती, त्यामुळे प्रत्येक जण समजत होता की ती दुसऱ्याकडे आहे.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," आचारी पुटपुटला, आणि लगेच त्यानं जीभ चावली.

रांगेत मावशीही होती. ते शब्द तिच्या काळजात घुसले. तू सगळ्यांची, असं म्हणून पट्टी कोणी बांधली होती?

वायरमननं आरडाओरडा केला नाही. ताट खाली ठेवलं, खिशात पक्कड होती ती उगाचच हातात घेतली, आणि विचारलं, "सकाळपासून कोणीच नाही पाहिलं तिला?"

"ट्रक!" कोणीतरी म्हणालं. "पोरं मागे लोंबकळत होती की!"

मग जी पळापळ झाली! मॅनेजर भोंगा टाकून जादूगाराला फोन लावत सुटला, फोन लागेना. वायरमन फाटकाकडे धावला, तिथून रस्त्याला. सुतारांनी रंगमंचाखालच्या फळ्या उचकटल्या. पोरांना तर दडायच्या जागा मोठ्यांपेक्षा जास्त ठाऊक. ढोलांच्या पेट्या, बाहुल्यांच्या ट्रंका, पाण्याच्या टाकीमागची खबदाड, सगळं त्यांनी पालथं घातलं. कात्रीमावशी अनवाणी धावत होती. राजाचा झगा टेबलावर तसाच उसवलेला पडला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. देवाला ती एरवी कामापुरतं हाक मारायची, आज मात्र एकसारखी मारत होती. पोर सापडू दे, पुन्हा कोणावर ओरडणार नाही. बरं, कमी ओरडेन. पण सापडू दे.

फाटकाशी वायरमन परत येताना दिसला. एकटाच.

"माझंच चुकलं," मावशी त्याला म्हणाली. तिला धाप लागली होती. "एकाच कोणाची तरी पट्टी बांधायला हवी होती मी. बांधली चिंध्यांची, आणि हात झटकून मोकळी झाले."

"असं नका म्हणू, मावशी. तिला फार आवडली होती ती पट्टी. झोपतानाही मोजायची रंग."

यापेक्षा त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशीनं पदरानं तोंड पुसलं.

एवढ्यात मॅनेजर आला. फोन लागला होता. जादूगारानं ट्रक थांबवून सामान खाली उतरवून बघितलं होतं. ट्रकमध्ये कोणी नव्हतं. हायसं वाटावं की घाबरावं, तेच कोणाला कळेना.

"आम्ही सगळीकडे बघितलं," पिपाणी रडवेली होऊन म्हणाली. "सगळ्या तंबूंत. एकूणएक."

"माझ्या तंबूत?" मावशीनं विचारलं.

पिपाणीनं तिच्याकडे असं बघितलं की जणू मावशीचं डोकं ठिकाणावर नाही. "तिथे कसं बघणार? तुम्ही तंगडं मोडाल ना!"

कोणी हसलं नाही. पोरांनी बघितलं नव्हतं, आणि मोठ्यांच्याही मनात आलं नव्हतं. कात्रीमावशीच्या तंबूत पोर असूच शकत नाही, हे सगळ्या मैदानाला पक्कं ठाऊक होतं. मावशीला तर सगळ्यांहून जास्त.

ती मागे वळली आणि पळत सुटली. तंबूत शिरून तिनं दोरीवरचे कपडे बाजूला सारले. राक्षसाचा अंगरखा, परीचे पंख, राणीचे झगे. त्यांच्यामागे उरल्यासुरल्या कापडाचा ढीग असायचा. त्या ढिगावर ठिणगी मुटकुळं करून झोपली होती, गळ्यात रीळ, आणि पट्टीचा हात गालाखाली.

"आहे! आहे गं बाई, इथेच आहे!" मावशी एवढ्यानं ओरडली की भोंग्याचीही गरज पडली नाही.

ठिणगी उठून बसली आणि डोळे चोळू लागली.

"इथे कशी आलीस तू? आँ? टाचणी रुतली असती तर? कात्री पडली असती तर? सगळं मैदान जिवाला घोर लावून बसलंय आणि ही इथे..." मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला खरा, पण मध्येच तुटला.

"मी चप्पल घालूनच आले," ठिणगी म्हणाली. "टाचणी नाही लागत."

"पण आलीस का?"

"झोप आली." पोरीला प्रश्नच समजला नव्हता. "झोप आली की आपापल्या तंबूत जायचं. पिपाणी पण जाते."

"आणि हा तुझा तंबू? कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. रंग बघायचे म्हणालात." तिनं मनगट पुढे केलं आणि ढिगातल्या एकेका कापडावर बोट ठेवलं. "हा हिरवा हा. लाल हा. पिवळा हा. मी सगळीकडे बघून आले. तिकडे एकेकच आहे. सगळे फक्त इथे आहेत."

कात्रीमावशी त्या ढिगावरच बसली, पोरीला तिनं ओढून पोटाशी घेतलं आणि हमसून हमसून रडली. ठिणगीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग विचारलं, "मी जेवले नाहीये. आपल्या तंबूत काय आहे?"

दाराशी माणसांची ही गर्दी झाली. सगळ्यांत पुढे वायरमन. पण तोही फळीशी येऊन थबकला, सवयच तशी लागली होती सगळ्यांना.

"या की आत!" मावशी रडतारडता खेकसली. "आमंत्रण हवंय का आता?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आचारी म्हणाला. आता मात्र सगळे हसले आणि वायरमन लेकीला छातीशी धरून हसता हसता रडला. राजानं त्या संध्याकाळी उसवलेल्या झग्यातच राज्य केलं. प्रेक्षकांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन एक मोठं लोहचुंबक घेऊन आला. काठीला बांधून मावशीच्या तंबूत फिरवलं तर कितीक वर्षांच्या टाचण्या मुंग्यांसारख्या चिकटून वर आल्या. इस्त्री उंच फळीवर गेली. मग एक ठिणगी आत आली म्हणता म्हणता पिपाणी आली, पिपाणीमागे उरलेली वानरसेना. मावशी ओरडत होतीच. पण पोरांना काय, आवाज कुठला खरा आणि कुठला नुसता, ते लगेच कळतं.

शेवटच्या दिवशी तंबू उतरायला लागले. मावशीनं बाहेर खुर्ची टाकली. एकेक पोर आलं, पट्टी कापली गेली, "ज्याचं त्याला पोचलं," आणि पोर उड्या मारत आपल्या सामानावर जाऊन बसलं. सगळ्यांत शेवटी वायरमन ठिणगीला घेऊन आला.

"हिच्या तंबूचं मोठं माणूस कोण?" मॅनेजरनं रीतीप्रमाणे विचारलं.

"मी," मावशी म्हणाली.

"म्हणजे कापणार पण तुम्हीच आणि नेणार पण तुम्हीच?"

"तुमच्या पोटात का दुखतंय?"

ठिणगीनं हात पुढे केला आणि डोळे गच्च मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच हळूच विचारलं, "पट्टी कापली की तंबू जातो का?"

मावशीनं कात्री उचलली. पट्टीखाली एक पातं सरकवलं. तिथेच थांबली. मग पातं काढलं, त्यावरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"छे! धारच राहिली नाही मेलीला," ती म्हणाली.

त्याच सकाळी याच कात्रीनं तिनं तंबूचं जाडजूड कापड एका दमात उभं कापलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. सुतारदादा आभाळाकडे बघू लागला. काकूंनी पिपाणीच्या तोंडावर वेळेवर हात ठेवला. मॅनेजरनं भोंगा तोंडाशी नेला आणि तसाच खाली घेतला.

"पुढच्या वर्षी धार लावून आणते," मावशी वायरमनला म्हणाली. "हिला घेऊन या. विसरलात तर तंगडं मोडून हातात देईन."

वायरमननं मान डोलावली. ठिणगीनं एक डोळा उघडला, मनगट पाहिलं, आणि मग दुसरा उघडला.