हात खिशात

अर्डिस लिंडग्रेनने हिवाळ्यापुरता नियम काढला आणि गावातल्या त्या लहानशा चर्चमध्ये तो मोडायची कुणाची टाप नव्हती. शाळेची नर्स म्हणून तिने उभी हयात घालवलेली. कुणाचा घसा खरंच दुखतोय आणि कुणाला गणिताचा तास चुकवायचाय, हे तिला पोराच्या नुसत्या आवाजावरून कळायचं. आज बाकांवर बसणारे निम्मे लोक कधी ना कधी तिच्यापुढे आ करून उभे राहिले होते.

नियम साधा होता. मिनेसोटातली थंडी सरेपर्यंत उपासनेत ‘शांती असो’ म्हणताना शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा नाही. लांबूनच मान लववायची. हात खिशात. उपासनेनंतरची कॉफी आपापल्या घरी.

कारणही तसंच होतं. गेल्या जानेवारीत फ्लूने अख्खा गायनगट आडवा केला आणि त्यात चर्चमधल्याच म्हाताऱ्या ऑर्लिनची बायको बेव्हर्ली गेली. अर्डिसची ती जिवाभावाची मैत्रीण. आता आणखी कुणाला असं पोचवायला जायचं नाही, हे तिने मनाशी घट्ट धरलं होतं. नियमाला पहिला होकार ऑर्लिननेच दिला. “बरोबर आहे तिचं,” एवढंच म्हणाला.

नाताळ आला तरी चर्चमध्ये साधी शिंक ऐकू आली नाही. अर्डिस खूश होती. त्या खुशीत ऑर्लिनची जागा रिकामी असते हे तिच्या ध्यानात यायला जरा उशीरच झाला.

मग एक दिवस ती कोंबडीचं सूप घेऊन त्याच्या दारात गेली. सकाळपासून घशात खवखवत होतं, म्हणून तोंडाला मफलर गुंडाळून पायरीवरच थांबली.

“बरा आहेस ना? येत का नाहीस?”

“मला काय धाड भरलीय,” ऑर्लिन म्हणाला. “तुझ्या राज्यात साधी सर्दी व्हायची सोय नाही.”

“मग माझ्यावर रागावलास?”

“रागावून काय करू?” तो दाराशी टेकवलेल्या फावड्याकडे बघत राहिला. “अर्डिस, बेव्हर्ली गेल्यापासून मला माणसाचा हात लागायचा तो फक्त रविवारी. तेवढ्यासाठी दाढी करून, गाडीवरचा बर्फ खरवडून यायचो. नुसती मानच हलवायची तर इथे खिडकीतून पोस्टमनला हलवतोच की.”

अर्डिसने सुपाचं भांडं पायरीवर ठेवलं. हे आपल्याला सुचलं कसं नाही? तेवढ्यात ऑर्लिनने उंबऱ्याबाहेर हात पुढे केला. तिने हातमोजा अर्धा काढलासुद्धा. पण याच हाताने ती सकाळपासून नाक पुसत होती, आणि समोरचा माणूस ऐंशीचा होता. तिने हात खिशात घातला.

“आज नको, ऑर्लिन. माझा घसा दुखतोय.”

“हो ना,” तो म्हणाला. हात हळूच मागे घेतला, तिने शिकवली होती तशी मान लववली, सूप उचललं आणि दार लावलं.

खरंच दुखतोय रे, असं ओरडून सांगावंसं तिला वाटलं. पण ओरडायला आवाजच फुटेना.

त्या संध्याकाळी तिला ताप भरला. तो फ्लूच निघाला. आवाज पार बसला, फोन करायचीही सोय उरली नाही. अंथरुणात पडल्यापडल्या ती स्वतःला समजवायची, हात दिला नाहीस तेच बरं केलंस. तरी त्याचा तो पुढे आलेला हात काही डोळ्यांपुढून हलेना.

ताप उतरून खोकला पुरता गेल्यावरच ती पुन्हा त्याच्या पायरीवर चढली. हातमोजे मुद्दाम गाडीतच ठेवले होते.

“मी खरंच आजारी होते,” ती म्हणाली. “अंथरुणाला खिळले होते. आता ठणठणीत आहे बघ.” आणि तिने उघडा हात पुढे केला.

“असशील,” ऑर्लिन म्हणाला. त्याचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते. “आज नको, अर्डिस. माझा घसा दुखतोय.”

आवाज खणखणीत होता. असले घसे तिने आयुष्यभर ऐकले होते. अशा पोराला ती काही न बोलता हाताला धरून वर्गात नेऊन बसवायची.

ऑर्लिनने मान लववली आणि दार लावून घेतलं.