सुदृढ बालक आणि हुलग्याचं माडगं

चिंचखोरी हे नळदुर्गापासून पाच मैलांवरचं गाव, आणि बब्रुवान तिथल्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे संस्थेचा एकुलता एक पगारी माणूस. दूध मोजायचा तोच, तपासायचा तोच, कॅनला झाकण लावायचा तोच आणि ऑफिस झाडायचाही तोच. पण कुणी 'सेक्रेटरी' म्हणून हाक मारली की त्याची मान दोन बोटं वर जायची. रोज सकाळी सहाला तो काचेची नळी दुधात सोडायचा, डोळे बारीक करून डिग्री बघायचा आणि समोरच्याला विचारायचा, पाणी म्हशीला पाजलं का दुधाला? सकाळच्या थंडीत, चार लोकांत, हा प्रश्न ऐकून घ्यायला माणसाला कातडी जाड लागायची. गावात अशी कातडी हळूहळू सगळ्यांनाच आली होती.

बहात्तरच्या दुष्काळाला दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती. संस्थेनं गाव सुधारलं, असं चेअरमन गुंडप्पा अण्णा दर सभेत सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. आधी गावात दूध थोडं होतं आणि ते पोरं पीत होती. आता दूध रग्गड होतं आणि ते शहर पीत होतं. गाव कोरा चहा प्यायचं आणि सुधारायचं.

बब्रुवानच्या दारातही एक म्हैस होती. तिचं सगळं दूध रांगेत पहिलं यायचं. सेक्रेटरीनंच घरी दूध ठेवलं तर लोक काय घालतील, असा त्याचा बायकोला सवाल असे. शिवकांताकडं त्याला उत्तर नव्हतं, म्हणून त्यांची चौदा महिन्यांची लेक गिरिजा चहात बुडवलेल्या बिस्किटावर वाढत होती. वाढत होती म्हणायचं आपलं. तिच्या बरोबरीची पोरं भिंत धरून चालत होती. ही बसवलं तिथं बसून राहायची, तिला हलायचाच कंटाळा आल्यासारखी.

शेवटी उमरग्याला डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, पोरीला प्रोटीन कमी पडतंय, अंडं द्या. बब्रुवाननं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. डॉक्टरांनी समजून घेतलं आणि दूध, पनीर, बदाम अशी दुसरी यादी सांगितली. पनीर म्हणजे काय, हे दूध संस्थेच्या सेक्रेटरीला विचारायची लाज वाटली. बदाम त्यानं वाण्याच्या बरणीत बघितले होते, बाहेरून. मग डॉक्टरांनी एका पावडरीच्या डब्याचं नाव लिहून दिलं. डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. ते बघूनच बब्रुवानला गुण आल्यासारखं वाटलं. डब्याला अर्धा पगार गेला खरा, पण दहा दिवसांचा तो डबा त्यानं सव्वा महिना पुरवला, आणि आपल्या काटकसरीचं त्यालाच कौतुक वाटत राहिलं.

अशात उस्मानाबादहून पत्र आलं. सकस आहार सप्ताह साजरा करावा, सुदृढ बालक स्पर्धा घ्यावी आणि फोटोसह अहवाल पाठवावा. गुंडप्पा अण्णांना तीन गोष्टींपैकी फोटो फार आवडला. नातू त्यांचा होताच, दीड वर्षाचा, लोण्याच्या गोळ्यासारखा. म्हणजे निकालही लागल्यातच जमा होता; फक्त स्पर्धा घ्यायची बाकी होती.

ठरल्या दिवशी मठासमोरच्या लिंबाखाली मांडव पडला. जिल्ह्याच्या बाई जीपमधून उतरल्या. गोल चष्मा, सुती पातळ, आणि काखेत गुंडाळलेला तक्ता. तक्ता उलगडला आणि अण्णांच्या कपाळाला आठी पडली. मठासमोर अंडं, मासा आणि कोंबडी. त्यांनी खूण केली तसा बब्रुवान धावला आणि त्यानं तिन्ही चित्रांवर संस्थेची छापील पत्रकं डकवली. आता तक्त्यावर दूध, काजू आणि बदाम एवढंच उरलं. त्यातलं पहिलं गाव विकत होतं आणि बाकीचे दोन्ही विकत घेऊ शकत नव्हतं. बाईंनी तक्त्याकडं बघितलं, बब्रुवानकडं बघितलं, आणि भाषण आवरतं घेतलं.

लिंबाच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगला आणि खाली झोळी. गावच्या नर्सबाई आकडे लिहायला बसल्या. पहिला मान अण्णांच्या नातवाचा. तो झोळीत बसला आणि फांदी करकरली. बाईंनी त्याच्या कमरेची चांदीची साखळी, हातातली कडी, पायातले वाळे असं सगळं उतरवायला सांगितलं. तरी काटा भरपूर खाली होता. अण्णा टोपी सारखी करून फोटोवाल्याकडं वळलेसुद्धा. पण बाईंनी पोराची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, आणि हा काय खातो ते विचारलं. दूध आणि बिस्किट, घरच्यांनी अभिमानानं सांगितलं, दुसऱ्या कशाला शिवत नाही. बाई म्हणाल्या, वजन आहे, पण अंगात रक्त नाही. नुसत्या दुधावर ठेवू नका. दूध संस्थेच्या मांडवात, दूध संस्थेच्या खर्चानं आलेल्या हारात त्या हे बोलल्या.

मग बब्रुवानच्या लेकीची पाळी आली. काटा साडेसहा किलोवर थांबला आणि पुढं सरकेना. नर्सबाईंनी हातानं झोळी थोडी हलवून बघितली, काटा अडकलाय का म्हणून. काटा बरोबर होता.

बाईंनी शिवकांताला जवळ बसवून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, पोरीला काय देता. ती काही बोलायच्या आत बब्रुवाननं डब्याचं नाव सांगितलं, इंग्रजी नाव, जरा मोठ्यानं. बाईंना आश्चर्य वाटलं. त्या शिवकांताला म्हणाल्या, "डबा चांगलाय. पण किती चमचे घालता?"

"एक," शिवकांता म्हणाली.

"किती पाण्यात?"

शिवकांतानं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान हलवून नाही-नाही केलं. पण पोरगी साडेसहा किलोची निघाली होती आणि शिवकांताला आता कुणाच्या मानेची पर्वा उरली नव्हती.

"तांब्याभर," ती म्हणाली. "हे म्हणतेत, डबा पुरवून वापर."

मागल्या रांगेत उत्तरेश्वर बसला होता. आदल्याच आठवड्यात त्याचं आठ लिटर दूध बब्रुवाननं पातळ म्हणून परत पाठवलं होतं. तो उठला नाही, ओरडला नाही, शेजारच्याला तंबाखू मागावी तसा म्हणाला, "सेक्रेटरी, फॅट किती लागली?"

हसू मागून सुरू झालं आणि पुढपर्यंत आलं. अण्णासुद्धा हसले, नातवाचं दुःख त्यांना तेवढंच हलकं झालं. बब्रुवान उभ्या जागी उभा राहिला. गिरिजा झोळीतून त्याच्याकडंच बघत होती, न रडता. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पहिला नंबर पुतळाबाईच्या नातवाचा आला. पुतळाबाई बौद्धवाड्यातली, लेक-सून रोजगार हमीच्या तलावावर खडी फोडायला आणि नातू शुद्धोधन हिच्याकडं. पोरगं गिरिजाच्याच वयाचं, दहा किलोच्या वर, आणि झोळीतून काढल्याबरोबर बाईंचा चष्मा ओढून मोकळं झालं. अण्णांनी प्रसंग सावरायला घेतला. फोटोवाल्याला थांबवून त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, कुणाच्या म्हशीचं दूध पाजता, सांगा लोकांला.

"दूध कुठलं, अण्णा," पुतळाबाई म्हणाली. "आमच्यात दुभतं न्हाय. हुलग्याचं माडगं पितंय ते."

अण्णा म्हणाले, हुलगा बैलाला घालतेत.

"व्हय," पुतळाबाई म्हणाली. "म्हणून तर बैलच नांगर वढतेत."

बाईंनी वही उघडली आणि त्या तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. पुतळाबाईनं सांगितलं ते असं: हुलगा आणि मटकी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात खडखडीत वाळवायचं, मग भाजायचं. चार मुठी ज्वारी असली तर दोन मुठी हे, आणि मूठभर शेंगदाणे, तेही भाजून. सगळं जात्यावर बारीक दळायचं आणि पाण्यात शिजवून गुळाचा खडा टाकायचा. हुलगा खळ्यावर मजुरीत मिळायचा. शेंगा काढून झालेल्या रानात मागं राहिलेला सरवा वेचून आणायचा. मटण वर्षात दोन-तीनदा, त्यातला पोराला रस्सा. बाई लिहीत होत्या आणि मधेमधे मान हलवत होत्या. तक्त्यावर यातलं काहीच नव्हतं, पत्रकं काढली तरी नसतं.

बक्षीस म्हणून पुतळाबाईला पावडरीचा डबा मिळाला. तोच, गुबगुबीत बाळाचा.

अहवाल अण्णांनी सांगितला आणि बब्रुवाननं लिहिला: संस्थेच्या निर्भेळ दुधामुळे गावातील मागास घटकांतील बालकेही सुदृढ होत आहेत. निर्भेळ हा शब्द लिहिताना त्याचा हात जरासा थांबला. पण नोकरी होती, त्यानं लिहिला. दोन महिन्यांनी जिल्ह्याहून संस्थेला प्रशस्तिपत्र आलं आणि ते अण्णांच्या खुर्चीमागं लागलं.

शिवकांतानं मात्र अहवालाची वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी गिरिजाला कडेवर घेऊन ती पुतळाबाईकडं गेली. सासरच्या चुलत सासवा-जावांनी तोंडं वाकडी केली. लिंगायताच्या सुनेनं त्या वाड्यात जाऊन बसायचं म्हणजे काय. शिवकांता म्हणाली, तुमच्यातल्या कुणाची पोरगी साडेसहा किलोची हाय? पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. त्याच आठवड्यापासून म्हशीचं एक शेर दूधही घरी राहू लागलं. बब्रुवाननं एकदा सवाल काढायला तोंड उघडलं. शिवकांतानं तांब्या त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तोंड मिटलं.

पोरगी माडगं आधी थुंकायची, मग चाटायची, मग वाटी ओढून घ्यायची. महिन्या-दीड महिन्यात ती दाराची चौकट धरून उभी राहिली. डब्याचा गुण उशिरा येतो, असं बब्रुवान डेअरीत दोघा-तिघांना सांगून बघायचा. कुणी वाद घातला नाही. उत्तरेश्वर नुसता हसायचा आणि बब्रुवान त्याच्या दुधात नळी न सोडताच कॅनमध्ये ओतून घ्यायचा.

पुढं शिवकांता भावाच्या लग्नाला माहेरी गेली. पोरीला सर्दी म्हणून गिरिजा घरीच, बब्रुवानच्या आईजवळ. तिसऱ्या दिवशी पीठ संपलं. म्हातारीला मोडबीड माहीत नव्हतं, पोरगी वाटी आपटत होती. बब्रुवान मागल्या वाटेनं निघाला, अर्ध्यात कुणी बघितलं म्हणून पुढच्या वाटेनं गेला, आणि पुतळाबाईच्या दारात उभा राहिला. म्हणाला, ते आपलं, पोरीचं पीठ.

पुतळाबाईनं पोतं अंथरलं. तयार पीठ तिच्याकडंही नव्हतं. सून कामावर, हिचा खांदा दुखत होता. भाजून ठेवलेले दाणे तेवढे होते. तिनं सूप त्याच्यापुढं सरकवलं आणि जात्याकडं बोट दाखवलं. मग चहा टाकला. कोरा, गूळ घातलेला. बब्रुवाननं आधी रस्त्याकडं बघितलं, मग कपाकडं बघितलं आणि प्याला. चहा चांगला होता.

खुंटा धरायचा कसा इथपासून सुरुवात होती. रस्त्यावरनं जाणारी माणसं थांबत होती. शुद्धोधन जात्याच्या पाळूवर चढायला बघत होता. घटकाभरानं बब्रुवाननं घाम पुसला आणि ओंजळभर पीठ पुतळाबाईपुढं धरलं.

तिनं चिमटीत घेतलं, बोटांनी चोळलं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"जाड पडलंय, सेक्रेटरी," ती म्हणाली. "घाला परत."

त्यानं घातलं परत.