ज्याला काही येत नाही असा माणूस

आबांनी कानपूरचा चिंचोका उचलला आणि मुद्दाम समुद्रात ठेवला.

"आवं आबा, तिथं पाणी हाय! कानपूर काय बुडालं व्हय?" क्रांतीनं कपाळावर हात मारून घेतला.

"मग कुटं ठेवू?"

"गंगेच्या काठाला. काल सांगितलं हुतं की."

"सांगितलंस, पर डोक्यात राहात न्हाई बग. परत सांग."

ओट्यावर कोळशानं काढलेल्या भारताच्या नकाशावर बोट ठेवून क्रांतीनं हिमालयापासून पुन्हा सुरुवात केली. ज्ञानूआबा भिंतीला टेकून बसले. कानपूर कुठं आहे हे त्यांना न कळायला काय झालं! थोरला मुलगा कैक वर्षं तिथंच सोनं गाळत होता. पण हिमालयापासून सांगायचं म्हणजे दिवेलागण होणार होती, आणि आबांना तेच हवं होतं.

विट्याच्या पूर्वेकडच्या त्या गावात गल्लीच्या गल्ली कुलूपबंद असायची. गलाईचा धंदा, म्हणजे जुने दागिने वितळवून चोख सोनं काढायचं काम, इथल्या माणसांनी देशभर नेलं होतं आणि त्या कामामागं माणसंही गेली. दिवाळीला, यात्रेला गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. एरवी चिटपाखरू नाही. बायको, राहीबाई, गेल्यापासून तर दिवसभरात आबांचा आवाज निघालाच तर तो ओट्यावरचं कुत्रं हाकलताना. मुलं फोन करायची, जेवलात का विचारायची, आबा जेवलो म्हणायचे आणि बोलणं संपायचं. एकटेपण त्यांना फार खुपायचं, पण ते सांगणार कोणाला? सांगायला माणूस असतं तर एकटेपण कसलं!

क्रांती चार घरं सोडून चुलतीकडं राहायची. आईवडील आणि धाकटा भाऊ साईराज कोइमतूरला. आठवीतली पोर, बाकीच्या विषयांत बरी, पण सहामाहीला भूगोलात सपशेल आपटली होती. वडील, रविराज, फोनवर म्हणाले होते, "वार्षिकला भूगोल सुधारून दाव. निकाल चांगला आला तर हितल्या शाळंत नाव घालतो, मग आमच्यासंगंच राहा." तेव्हापासून पोरीनं भूगोलाचा ध्यासच घेतला. संध्याकाळी धडा पाठ करायची आणि सकाळी सगळं सपाट. शेवटी भूगोलाच्या सरांनी वर्गात सांगितलं, "पाठ करू नका रे. पुस्तक मिटून नकाशा काढा. प्रत्येक जागेवर ओळखीचं माणूस बसवा. आणि मग कुणाला तरी समजावून सांगा. ज्याला काही येत नाही असा माणूस शोधा." वर्ग हसला, पण क्रांतीनं ते मनावर घेतलं. तिनं एकेका चिंचोक्याला गल्लीतलं एकेक बंद घर दिलं. कुणी मदुराईला, कुणी कटकला, आबांचा धाकटा सिलिगुडीला. राहिला प्रश्न ऐकणाऱ्याचा. चुलतीला म्हशी आणि मालिका यांतून सवड नव्हती. उरले आबा.

पहिल्या दिवशी आबांना खरंच काही येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "म्हाबळेश्वराला एवढा धो धो पडतो, मग आपल्याकडंच का गं येत न्हाई मेला?"

क्रांतीनं पुस्तक उभं धरलं. "ह्यो सह्याद्री. ढग समुद्राकडनं येत्यात, ह्याला धडकत्यात, वर चढत्यात आनि तिथंच रिकामं हुत्यात. आपल्याकडं येत्यात ते नुसतं तोंड दावायला."

आबांनी पुस्तकाच्या अलीकडं, कोरड्या अंगाला, बोट टेकवलं.

"म्हंजे आपली पोरं त्या डोंगरापायी गेली म्हनायची," ते म्हणाले.

हे काही धड्यात लिहिलेलं नव्हतं. क्रांतीनं ते परीक्षेत लिहायचं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आबांना सगळं जसंच्या तसं आठवत होतं. पण ओट्यावर येऊन तिनं, "आलं का ध्यानात? मग फुडचं मी घरीच करते," म्हटलं मात्र, आणि आबांनी घाईनं नकाराची मान हलवली.

"कुटलं ध्यानात येतंय? पार इसरलो," ते म्हणाले.

तिथून ते सुरू झालं. आबा नद्या उलट्या वाहवायचे, काळी माती काश्मीरला धाडायचे, चहाचे मळे राजस्थानात लावायचे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून चुलती हसायची. क्रांती चिडायची, पण सोडायची नाही. एका रीतीनं सांगून भागलं नाही की दुसरी रीत काढायची. ती घरी गेल्यावर आबांना लाजही वाटायची, पोरीचा वेळ आपण चोरतोय असं वाटायचं. तरी दुसऱ्या दिवशी दुपार कलली की ते ओटा झाडून ठेवायचे.

निकाल लागला. भूगोलात क्रांती वर्गात पहिली आली. मे महिन्यात रविराज आणि सोनिया लेकीला न्यायला आले, पेढे घेऊन आबांच्या पाया पडले.

"आबा, तुमच्यामुळं झालं बगा," रविराज म्हणाला.

"माज्यामुळं कशाचं? मला काय येतंय?"

"तेच की!" क्रांती म्हणाली. "सर म्हनले ते खरं झालं. आबांना काय बी समजत नव्हतं, म्हनून मला समदं आलं. त्यास्नी एकदाच सांगून समजलं असतं, तर मी परत आपटले असते."

सगळे हसले. आबाही हसले, पण पेढा त्यांनी हातातच ठेवला. पोरगी आणखी घटकाभर बसावी म्हणून जे केलं, त्यानंच ती कोइमतूरला चालली होती. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

निघायच्या आदल्या संध्याकाळी क्रांती ओट्यावर येऊन बसली.

"आबा, मी पप्पांना सांगू का? दहावीपतूर हितंच राहते म्हनून."

"का गं?"

"तिथली भाषा येत न्हाई. मैत्रीन न्हाई कोन." ती नखानं ओट्याची माती उकरत होती. "आनि तुमचं बी अर्धंच राहिलंय. कंची नदी कुटनं कुटं जाती ते अजून तुमाला गावत न्हाई. तुमचं झालं की मग जाते."

नुसतं 'व्हय गं, न्हाईच येत' म्हटलं असतं तरी पोरगी राहिली असती. रविराज लेकीच्या शब्दाबाहेर नव्हता. आबांच्या ते अगदी ओठांवर आलं होतं. पण सोनिया आल्यापासून ही एवढी मोठी पोर आईच्या मागं मागं घरभर कशी फिरत होती, तेही त्यांनी पाहिलं होतं.

"उद्या मिरजंत गाडीत बसशीला," ते सावकाश म्हणाले. "आदी कृष्णा लागंल. मग घटप्रभा, मग मलप्रभा. हुबळीच्या फुडं हरिहरला तुंगभद्रा. तिथपतूर काळी माती, मग तांबडी हुत जाती. बेंगळूर गेलं की उतार, आनि मग कावेरी. तिच्या पल्याड तुजं कोइमतूर. तिथं डोंगराला खिंड हाय, त्यातनं वारं येतंय. पाऊस खरा दिवाळीच्या टायमाला, परतीचा. तवा छत्री जवळ ठेव. भ्याचं न्हाई. समदं तुला म्हाईत असलेलंच हाय."

क्रांतीचं नख थांबलं. याच कावेरीला तिनं कितीदा गुजरातेतून माघारी आणलं होतं.

"आबा, तुमाला येत हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"लय दिस झालं."

"मग परत परत का इचारत हुता?"

आबांना आता खोटं सुचेना.

"तू यायचीस म्हनून," ते म्हणाले.

चार घरांपलीकडून सोनियानं हाक मारली, सामान भरायचं राहिलं होतं. "आले," क्रांती म्हणाली आणि तशीच बसून राहिली.

"जा पोरी," आबा म्हणाले.

एकदा सांगून ती उठली नाही. त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.