आतला हूटर

शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून उस्ताद छताखालच्या पाइपला शेवटचा नॉझल आवळत होता आणि खाली रेकॉर्डवाल्या बाई त्याच्याशी बोलत होत्या. म्हणजे आपण त्याच्याशी बोलतोय असं त्यांना वाटत होतं. टेबल सरकवायचं का, फायलींवर धूळ पडणार का, असं त्यांनी दोनतीनदा विचारून पाहिलं. उस्तादचा पाना आपला फिरतच राहिला. शेवटी बाईंनी नाक मुरडलं आणि दारात उभ्या असलेल्या मेहुण्याला म्हणाल्या की भारीच बाई तोरा यांचा.

मेहुणा म्हणजे उस्तादच्या बायकोचा धाकटा भाऊ. भाऊजी कामात असले की कुणाशी बोलत नाहीत, असं सांगून त्याने वेळ मारून नेली. गेली दोन वर्षं तो हेच करत आला होता.

कारण उस्तादला ऐकू येत नव्हतं. सिलिंडरचे फुसकारे आणि चाचणीचे हूटर ऐकत जन्म काढला, आणि आता कानांनीच हात वर केले. आता बोला!

दुसरा धंदा असता तर निभावलं असतं. पण हा धंदा गॅसने आग विझवायचा. रुग्णालयाच्या तळघरातली ही खोली जुन्या केसपेपरांनी छतापर्यंत भरलेली. इथे पाणी मारलं तर आगीतून वाचेल ते पाण्यात जाईल. म्हणून शेजारच्या खोलीत लाल सिलिंडर उभे केले होते आणि तिथून भिंतीतून पाइप आत आणले होते. धूर लागला की आत हूटर वाजणार, लाल दिवा लुकलुकणार, आणि अर्ध्या मिनिटाने गॅस सुटणार. तो आगीचा श्वास कोंडतो, आणि आत कुणी राहिलं तर त्याचाही. गॅसला थोडंच कळतंय आग कोण नि माणूस कोण! तेव्हा ज्याला हूटर ऐकू येत नाही त्याने आत पाऊल टाकायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. मेहुण्याला तो उस्तादनेच शिकवला होता.

दुसरा नियमही त्याचाच. जो आत जाईल त्याच्या खिशात कळ. सिलिंडरच्या डोक्यावरची ही पितळी कळ गॅस सोडते. ती काढून स्वतःजवळ ठेवली की बाहेर कुणी काही का दाबेना, गॅस सुटत नाही. हा दुसरा नियम उस्ताद अजून काटेकोर पाळत होता. पहिल्याबद्दल तो बोलायचाच नाही.

मालकांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी गोड बोलून घरी बसवलं असतं. आणि घरी काय होतं? बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारणं कधीच सोडून दिलं होतं. एके काळी तिच्या बडबडीला तो कंटाळायचा. आता ती ताट समोर ठेवायची आणि हाताने खूण करायची. मुलीचा फोन आला की 'तूच बोल' म्हणून तो अंगणात जायचा. कामावर निदान पाइप हाताला कळत होते. घरी बसायची त्याला भीती वाटत होती, लहान मुलाला वाटावी तशी.

नॉझल झाला. मेहुणा बाहेरून दार लावून शेजारच्या सिलिंडरच्या खोलीत गेला आणि त्याने चाचणीचं बटण दाबलं. आत उस्ताद, खिशात कळ, आणि कपाटापाशी बाई. लाल दिवा लुकलुकायला लागला. तो बंद झाल्यावर उस्तादने दार उघडलं आणि परत आलेल्या मेहुण्याला नेहमीचं वाक्य ऐकवलं.

"फर्स्टक्लास. कानठळ्या बसल्या."

"कानठळ्या?" बाई म्हणाल्या. "नुसता दिवा लागला. आवाज कुठे आला?"

मेहुण्याचा चेहरा पडला. मग त्याने घाईघाईने हसून काहीतरी सांगितलं, की भाऊजींना चेष्टेची सवय आहे, हूटर अजून जोडायचाच आहे. बाईसुद्धा अर्धवट हसल्या. उस्तादला यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. पण आपल्यासाठी खोटं बोलताना मेहुण्याचं तोंड कसं होतं, ते त्याला पाठ झालं होतं. तो शिडी चढला आणि हूटरचं झाकण उघडलं.

स्क्रू तांब्याच्या तारेवर बसलाच नव्हता, वरच्या प्लास्टिकवर आवळला गेला होता. शिकाऊ माणसाची चूक. जोडणी त्याने स्वतः सकाळी केली होती.

वरून त्याला बाईंची खुर्ची दिसली. तोंड कपाटाकडे, पाठ दिव्याकडे. मान खाली घालून त्या तिथे दिवसभर लिहीत बसणार. मागे दिवा लुकलुकत राहिला असता आणि त्यांना कळलंही नसतं. आणि का, तर उस्ताद फर्स्टक्लास म्हणाला म्हणून.

मग त्याने तार सोलली, स्क्रू नीट आवळला, आणि बाईंना त्यांच्या खुर्चीत बसायला सांगितलं, रोज बसतात तसंच. मेहुण्याला हाताने खूण केली.

दिवा लागला. शिडीवरच्या उस्तादने हूटरवर तळवा ठेवला. हाताखाली तो थरथरत होता. खाली बाईंनी दचकून कानांवर हात घेतले.

हूटर थांबला तसा मेहुणा धावत दारात आला. उस्तादला दिसेल अशा बेताने तोंड मोठं उघडून त्याने विचारलं, "आता आला ना आवाज, भाऊजी?" आणि स्वतःच होकाराची मान हलवून दाखवली.

उस्ताद खाली उतरला.

"मला नाही आला," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही, बाई. दोन वर्षं झाली. तुम्हाला आला का?"

बाई उठून समोर आल्या आणि सावकाश, एकेक अक्षर ओठांवर आणत म्हणाल्या, "आला, काका."

"मग झालं."

त्याने खिशातली कळ काढून मेहुण्याच्या हातावर ठेवली. मेहुणा घेईना. उस्तादने त्याची बोटं मिटवली.

"आता आत तू. दिव्याकडे बघू नकोस, पाठ कर. पुन्हा एकदा वाजवून घे. मी सांगितलेलं धरू नकोस."

उस्ताद शेजारच्या खोलीत जाऊन बटण दाबून आला आणि बंद दाराबाहेर उभा राहिला. त्याने जड दारावर तळवा टेकवला. आत हूटर वाजत होता, तेवढं हाताला कळत होतं. तो थांबेपर्यंत उस्तादने हात काढला नाही.