नऊ वेळा नेलं होतं

"इतके दिवस झोपला होतात का?" पेणच्या एका मोठ्या दवाखान्यातला कॅज्युअल्टीचा डॉक्टर माझ्यावर खेकसला. समोर टेबलावर माझे बाबा, महिपती, तापाने फणफणलेले. उजवा पाय घोट्यापर्यंत काळा.

माझं डोकंच फिरलं. पिशवीतून आमच्या गावच्या आरोग्य केंद्राचे केसपेपर काढले आणि त्याच्यापुढे आपटले. दीड महिन्यात नऊ वेळा गेलो होतो. नऊ!

बाबांची चाळीस वर्षं मिठागरात गेली. आमच्यात तळपाय बधिर झाला की माणूस पक्का झाला म्हणतात. मग मिठाचा खडा रुतला तरी कळत नाही. बाबांना त्याची कोण मिजास! शिवाय केंद्रातल्या साहेबाची फरशी खराब होऊ नये म्हणून ते खड्याने झालेली पायाची जखम धुऊन, पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधून जायचे. केंद्रातला डॉक्टर खुर्चीतूनच विचारायचा, "दुखतंय?"

"नाय सायेब. जरा पन नाय."

झालं! लाल औषध, पांढऱ्या गोळ्या, पुढचा कोण? फडकं एकदाही सोडायला लावलं नाही. मी सांगितलं, "सायेब, सारखं पानी पितात, सारखं लघवीला जातात, वालत चाललेत." तर म्हणे, मे महिना आहे बाई, तहान लागणारच. लघवी तपासायचं सामान त्याच्या मागच्याच कपाटात होतं. मेल्याने उठून हात लांब केला असता तर काय झिजला असता?

पेणच्या डॉक्टरने मिठागराचं ऐकून घेत पाच मिनिटांत तपासलं. "पाय साखरेनं बधिर झालाय, मिठानं नाही. महिन्यापूर्वी कळतं तर बोटसुद्धा गेलं नसतं. आता गुडघ्याखाली कापावा लागेल, आत्ताच. नाहीतर माणूस जाईल."

बाबा पुटपुटले, "सगुणा गो, त्या डाक्तरला शिव्या नको देव. बिचारा दर वेला इचारायचा."

मला रडू फुटलं, आणि त्यांचाच राग आला.

डॉक्टरने सहीला कागद पुढे केला. त्यावर आधीच लिहून ठेवलं होतं: नातेवाइकांनी रुग्णास उशिरा आणले.

"ही ओल खोडा," मी म्हटलं. "नऊ वेला नेलेला, तसं लिवा."

त्याने केसपेपर चाळले. आवाज उतरला त्याचा. "खोडू नंतर. आधी सही कर. विष वर चढतंय."

ते खरं होतं. म्हणून मी सही केली, त्या धडधडीत खोट्याखाली.