तेरा दिवस

ढोल चौकाच्या वळणावर आले तशी सुआदने खिडकी ओढून घेतली, कडी घातली आणि वर जाड पडदाही सारला.

पलंगावरच्या म्हातारीने मान वळवली. "ढोल कसले गं?"

"कुणाचं तरी लग्न आहे, उम्म बिशारा."

"भर दुपारी?"

"हल्ली दुपारीही लावतात."

बाहेर चोवीस डिसेंबर होता. लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, धर्मगुरूंच्या स्वागताला अख्खं बेथलेहेम रस्त्यावर उतरलं होतं. जिने जन्मभर या मिरवणुकीत पहिल्या रांगेतली जागा कुणाला दिली नाही, ती सासू मोतीबिंदूने आंधळी होऊन, मोडका खुबा घेऊन पडली होती आणि लग्नाच्या ढोलांवर विश्वास ठेवत होती. सुआदला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

सणाकडून म्हातारीच्या तीनच मागण्या असत. अंगावर मरून मखमलीचा झगा, पाद्रीबाबांच्या हातून पवित्र भाकर आणि चिलीहून धाकट्या लेकाचा, फुआदचा फोन. झगा डांबरगोळ्यांत पेटीच्या तळाशीच राहिला. पाद्रीबाबा दाराशी आले, तेव्हा सुआदने त्यांना उलट्यांचं कारण सांगून परत पाठवलं. फुआदला सांगितलं, झोपल्यात, उठवत नाही. नवरा तीन वर्षांपूर्वीच गेला होता, त्यामुळे विचारणारंही कुणी नव्हतं.

सुआद मूळची खालच्या बेत सहूर गावची, रूम म्हणजे ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाची. लॅटिन घरात लग्न होऊन आली आणि रिवाजाप्रमाणे नवऱ्याचं चर्च तिचं झालं, नवऱ्याचा सणही. रूम लोकांचा नाताळ तेरा दिवसांनी येतो. एकतीस वर्षांपूर्वी त्याच्या आदल्या दिवशी सकाळी निरोप आला, आई अत्यवस्थ आहे, सणाला लेकीचं तोंड बघायचं म्हणते. उतारावरून चालत गेलं तरी अर्ध्या तासाची वाट. उम्म बिशाराने दोन मोठे कोबी आणून पुढ्यात ठेवले. संध्याकाळी पाहुणे होते, पानं भरून गुंडाळायची होती.

"या घरातला सण होऊन गेला," ती म्हणाली होती. "एक लेकरू किती वेळा जन्माला घालणार आहात तुम्ही रूम लोक?"

तिचा थोरला, सुआदचा नवरा बिशारा मान खाली घालून बसला होता. सुआदने कोबीची सगळी पानं भरली. आई दिवसभर दार उघडं ठेवायला लावून त्याच्याकडे बघत पडली होती आणि दिवेलागणीला गेली, हे शेजारणीने मागाहून सांगितलं.

सुआदचे वडील मेंढपाळ. ते म्हणायचे, येशू जन्मला त्या रात्री मेंढरं उघड्यावर होती ना? मग डिसेंबर नाही आणि जानेवारीही नाही. या थंडीत मेंढरू बाहेर ठेवणारा एक तर लॅटिन असेल, नाहीतर येडा. सगळे हसायचे. खरी तारीख कुणाकडेच लिहिलेली नाही, हे पाद्रीबाबाही खासगीत कबूल करत. जी तारीख कुणालाच माहीत नाही, तिच्यापायी सुआदची आई दाराकडे बघत मेली. हे ती एकही दिवस विसरली नव्हती.

आता म्हातारी रोज सकाळी विचारायची, "सणाचा दिवस आला का?"

"अजून नाही."

म्हातारी वाद घालत नसे. आयुष्यात कुणाला शेवटचा शब्द बोलू न देणारी बाई 'बरं' म्हणून भिंतीकडे वळायची. खाणंही दोन-चार घासांवर आलं होतं. म्हातारपण, दुसरं काय, सुआद मनात म्हणायची.

सहा जानेवारीला पुन्हा ढोल आले. या वेळी सुआदने खिडकी सताड उघडली आणि पलंगाशी कोबीची पानं भरायला बसली.

"आजही लग्न?" म्हातारीने विचारलं.

"आज रूम लोकांचं आहे."

"हं. आणि तेरा दिवसांपूर्वी आमचं होतं."

सुआदचा हात पानावरच थांबला.

"ऐंशी वर्षं ऐकतेय ते ढोल," म्हातारी म्हणाली. "डोळे गेलेत पोरी, कान नाही गेले. पाद्रीबाबांना दारातून घालवलंस, तेही ऐकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या आईने एक दिवस वाट बघितली. मी तेरा बघितली. भाकर नाही, फुआदचा आवाज नाही." तिला धाप लागली. जरा थांबून तिने विचारलं, "फिटलं का?"

एकतीस वर्षं सुआदने ही घडी मनात घोळवली होती. तीत म्हातारी रडायची, गयावया करायची. असं सरळ विचारायची नाही. हातात आलेलं कुणी काढून घ्यावं तसा तिला संताप आला.

"ती अजून वाट बघतेय," सुआद म्हणाली.

ढोल घरावरून पुढे गेले. म्हातारीने गोधडीची किनार बोटांनी चाचपली.

"अर्मेनियन लोकांचा नाताळ कधी असतो?"

"बारा दिवसांनी."

"बरं. मग तेव्हा परत विचारते."

सुआद उठली. सकाळपासून म्हातारीच्या पोटात काही नव्हतं, आणि बारा दिवस म्हणजे काही थोडे नव्हेत. तिने मसुरीचं सार गरम केलं, लिंबू पिळलं, भाकरीचा मऊ भाग त्यात कुस्करला आणि वाटी घेऊन पलंगाच्या काठावर बसली. म्हातारीने तोंड फिरवलं. सुआदने तिची हनुवटी धरून पुन्हा आपल्याकडे वळवली.

"तोंड उघडा," ती म्हणाली. "इतक्यात सुटका नाही."