खुर्ची सोडून बाकी सगळं

मास्तरांचा उद्यापासून मोठ्या माणसांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू होणार होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी चित्रकला शिकवण्यावरचं मिळेल ते संशोधन वाचून काढलं होतं. हात कुणाचाच वाईट नसतो, डोळा घाई करतो, हे त्यांना पटलं होतं. फक्त कुणावर करून पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांनी बायकोला गळ घातली. तिला जमलं तर वर्ग, नाहीतर सकाळी सगळ्यांना फोन करून नाही म्हणायचं.

"मी?" ती हसली. "शाळेत मांजर काढलं, तर बाईंनी विचारलं, किटलीला मिशा कशाला?"

"म्हणूनच तू हवीस."

"वा! म्हणजे दगडाला पाझर फुटला तर तुमचा वर्ग."

ती स्वयंपाकघरात जिच्यावर बसून भाजी निवडायची, ती लाकडी खुर्ची मास्तरांनी टेबलासमोर आणून ठेवली. "खुर्ची काढायचीच नाही. पायांच्या आणि दांड्यांच्या मधल्या मोकळ्या जागा तेवढ्या काढ."

"अहो, पाहुण्याला समोर बसवायचं आणि बोलायचं भिंतीशी?"

"खुर्ची म्हटलं की आपण मनातली खुर्ची काढतो. मोकळी जागा मनात तयार नसते, ती बघावीच लागते."

"बरं बाबा, बघते."

तिला दडपण नको म्हणून मास्तरही शेजारी बसून तीच खुर्ची काढू लागले. खरं तर दडपण त्यांनाच आलं होतं.

बऱ्याच वेळाने तिने कागद पुढे सरकवला. कागदावर चक्क खुर्ची उभी होती! मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण जित्याची खोड. "छान! फक्त हा मागचा पाय जरा तोकडा आलाय."

"आला नाही, आहेच तोकडा."

"चारही पाय सारखेच असतात गं."

"बसा."

मास्तर बसले. खुर्ची टक्कन मागे कलली आणि त्यांनी टेबल घट्ट धरलं.

"किती वर्षं सांगतेय, पायाला काहीतरी ठोका म्हणून!" तिने त्यांचा कागद ओढला. चारही पाय एका मापाचे, अगदी शिस्तीत. "ही कुणाच्या घरची हो?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "तुला जमलं, मलाच नाही. उद्या कुठल्या तोंडाने शिकवू?"

"ह्याच तोंडाने. दोन्ही चित्रं न्या. किटलीवालीला जमलं आणि मास्तर फसले म्हटल्यावर कोण घाबरेल?"

मास्तरांनी चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "खुर्चीही रोज नेतो आणि परत आणतो. पण मग वर्ग चालू आहे तोवर तिचा पाय दुरुस्त करून चालणार नाही."

"वाटलंच मला!" ती उठली. "चालेल. पण तोवर भाजी निवडायला तिच्यावर तुम्ही बसायचं."